क्रियापदाचे सोबती

'तू पोळी खाल्लीस.' हे वाक्य आपण रोज बोलतो. त्यातले शेवटचे क्रियापद एकदा सुटे करून पाहू. 'खाल्' हा मूळ क्रियेचा भाग. पुढची 'ली' आली ती पोळीमुळे. पोळीऐवजी आंबा असता तर आपण 'खाल्लास' म्हटले असते, आंबे असते तर 'खाल्लेस' आणि पोळ्या असत्या तर 'खाल्ल्यास'. सगळ्यात शेवटचा 'स' मात्र खाल्लेल्या वस्तूमुळे आलेला नाही. तो खाणाऱ्याचा, म्हणजे 'तू'चा आहे. 'तू जातोस', 'तू आहेस' यांतही तोच 'स' दिसतो. एकाच क्रियापदावर कर्माची खूण आहे आणि कर्त्याचीही आहे.

आपल्या व्याकरणकारांनी हे फार पूर्वीच टिपले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली आले, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. क्रियापद कर्त्याप्रमाणे चालले की कर्तरी, कर्माप्रमाणे चालले की कर्मणी आणि कोणालाच न जुमानता नपुंसकलिंगी एकवचनात राहिले की भावे, हे आपण सगळे शाळेत शिकलो. 'तू पोळी खाल्लीस' यासारख्या वाक्यांना कर्तृ-कर्म संकर प्रयोग असे नाव आहे. नाव पाठ केले की गुण मिळतात आणि प्रश्न तिथेच राहतो. क्रियापदाने कर्माची खूण अंगावर का बाळगावी? जगातल्या सगळ्या भाषा असे करतात का? आणि एखाद्या प्रदेशातले लोक तसे करेनासे झाले, तर त्यांची भाषा बिघडली असे म्हणायचे का?

यातला शेवटचा प्रश्न माझ्या घरचा आहे. मी सोलापूर जिल्ह्यातला. कृषी सेवा केंद्राच्या दुकानात माझी तीस वर्षे गेली. दुकानात येणारा शेतकरी सांगतो, 'मी कालच औषध मारलो', 'मी तूर पेरलो', 'मी अर्ज केलो'. मीही असाच बोलत वाढलो. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा एका प्राध्यापकांनी भर वर्गात माझे 'मी अभ्यास केलो' हे वाक्य फळ्यावर लिहिले आणि बाकीच्यांना हसू दिले. पुढे भाषाशास्त्राची पुस्तके मिळतील तशी वाचत गेलो, त्यामागे ते फळ्यावरचे वाक्य होते. दुसरीकडे, दुकानात रायझोबियमची पाकिटे विकता विकता सूक्ष्मजीवांविषयीही वाचू लागलो. या दोन वाचनांची गाठ जिथे पडली, ते या लेखात मांडतो आहे.

विशेषणाचे क्रियापद कसे झाले

मराठीतली कर्माशी होणारी जुळणी कुठून आली हे समजण्यासाठी संस्कृतात थोडे डोकावावे लागते. संस्कृतात 'रामाने फळ खाल्ले' हे 'रामेण फलं खादितम्' असेही सांगता येत असे. यातले 'खादितम्' हे खरे तर विशेषण आहे. 'रामाकडून फळ खाल्लेले (आहे)' असा त्याचा ढंग. विशेषण नामाप्रमाणे चालते, म्हणून फळ असेल तर 'खादितम्' आणि रोटिका असेल तर 'खादिता'. 'पिकलेला आंबा, पिकलेली कैरी' म्हणताना आपण जे करतो तेच.

पुढे प्राकृतातून येताना जुनी भूतकाळाची रूपे मागे पडली आणि ही विशेषणेच भूतकाळ सांगू लागली. त्यांना 'ल' हा प्रत्यय चिकटला. 'गत'पासून 'गेला' झाला, 'कृत'पासून 'केला'. विशेषण क्रियापदाच्या जागी बसले, पण आपली जुनी सवय घेऊन बसले. म्हणून 'त्याने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' यांत आजही विशेषणाची चाल दिसते.

याचा एक सुंदर पुरावा आहे. मराठी क्रियापद कर्माचे लिंग आणि वचन दाखवते, पण कर्म 'मी' आहे की 'तू' आहे की 'तो', हे कधीच दाखवत नाही. 'त्याने मला पाहिले', 'त्याने तुला पाहिले', 'त्याने तिला पाहिले'. क्रियापद तेच. विशेषणाला लिंग-वचन असते, पुरुष नसतो. वंशजाने पूर्वजाकडे नसलेली गोष्ट आणली नाही.

'ला' लागलेले कर्म आले की मराठी क्रियापद तटस्थ होते: 'सीतेने राधेला छळले'. हिंदीतही 'सीता ने राधा को सताया'. पण शेजारची गुजराती 'सीताए राधाने पजवी' म्हणते. तिथे 'ने' हा कर्माचा प्रत्यय आहे आणि तो लागूनही क्रियापद राधेप्रमाणे स्त्रीलिंगी राहते. आणि मराठीतही 'त्याने मुलीला शाळेत घातली' असे बोलले जातेच. व्याकरणाने त्याला कर्म-भाव संकर म्हटले आणि पुस्तकात जागा दिली. म्हणजे नियमाची कड जिथे झिजते, तिथे आपले जुने व्याकरणकार आजच्या काही मास्तरांपेक्षा अधिक उदार होते.

चिकटलेली सर्वनामे

जगातल्या अनेक भाषांमध्ये कर्माची खूण क्रियापदावर येते, पण तिचा रस्ता निराळा आहे. तिथे विशेषणाऐवजी सर्वनाम येऊन चिकटते. टाल्मी गिव्होन यांनी १९७६ साली हा रस्ता नीट मांडला. माणसे बोलताना 'तो जुमा, त्याला मी पाहिले' अशी वाक्ये फार करतात. हे 'त्याला' वारंवार क्रियापदाला खेटून येऊ लागले की त्याचा उच्चार आखडतो, ते क्रियापदाला चिकटते आणि शेवटी 'जुमा' हा शब्द शेजारी असला तरी त्याच्यावाचून वाक्य पुरे वाटत नाही.

पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली घ्या. 'मी जुमाला पाहिले' याला 'निमेम्वोना जुमा' म्हणतात. यात 'नि' म्हणजे मी, 'मे' ही काळाची खूण, 'म्व' म्हणजे त्याला, आणि 'ओना' म्हणजे पाहणे. माणूस कर्म असेल तर ही खूण बहुतेक लागतेच. वस्तू असेल तर मोकळीक असते. 'किताबू' म्हणजे पुस्तक. नुसते एखादे पुस्तक दिसले तर 'निमेओना किताबू' आणि आपण ज्याविषयी बोलत होतो ते पुस्तक दिसले तर 'निमेकिओना किताबू'. गंमत अशी की हा 'किताबू' म्हणजे आपल्याही ओळखीचा अरबी 'किताब'. स्वाहिलीने त्यातल्या 'कि'ला आपल्या घरचा उपसर्ग मानले आणि अनेकवचन 'विताबू' केले. आलेला पाहुणा घरच्या रीतीत कसा मुरतो त्याचे हे उदाहरण.

मलावी देशातली चिचेवा भाषा याच कुळातली, पण रस्त्यात अजून मागे आहे. जोन ब्रेझनन आणि सॅम म्चोम्बो यांनी १९८७ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मधमाश्या शिकाऱ्यांना चावल्या' याला 'न्जुची झिनालुमा अलेन्जे' म्हणतात. इथे कर्म क्रियापदाच्या लगेच मागेच यावे लागते. पण क्रियापदात 'वा' ही कर्माची खूण घालून 'झिनावालुमा' केले, की कर्ता, कर्म आणि क्रियापद कोणत्याही क्रमाने मांडता येतात. कारण इथे 'वा' अजून खरे सर्वनाम आहे. कर्माचे काम तेच पुरे करते आणि 'शिकारी' हा शब्द वाक्यात मोकळा फिरू शकतो.

या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क आहे. 'मी ते पाहिले' याला 'इकुसी दुत', 'मी त्या गोष्टी पाहिल्या' याला 'इकुसी दितुत' आणि 'मी तुला पाहिले' याला 'इकुसी सैतुत'. इथे सोय-गैरसोय पाहायची मुभा नाही. कर्म बदलले की सहायक क्रियापद बदललेच पाहिजे. हंगेरियनने तर खास प्रत्यय ठेवला आहे. 'मी काहीतरी पाहतो' हे 'लातोक', 'मी ते अमुक पाहतो' हे 'लातोम', आणि कर्ता 'मी' व कर्म 'तू' असेल तर 'सेरेत्लेक'. या एका शब्दाचा अर्थ 'मी तुझ्यावर प्रेम करतो'.

इतके दूर जायचीही गरज नाही. संताळी, मुंडारी या मुंडा कुळातल्या भाषांत सजीव कर्माची खूण क्रियापदात गुंफली जाते. याच कुळातली कोरकू आपल्या मेळघाटात बोलली जाते.

माव्याच्या पोटातला जिवाणू

मोकळे सर्वनाम, मग हवे तेव्हा लागणारी खूण, मग टाळता न येणारा प्रत्यय. ही पायरी-पायरीची वाट वाचताना मला दुकानातल्या पाकिटांची आठवण झाली.

रायझोबियम हा जिवाणू जमिनीत मोकळा राहू शकतो. हरभरा किंवा तूर पेरली की तो मुळात शिरतो, गाठी होतात, हवेतला नत्र पिकाला मिळतो आणि पीक त्याला अन्न पुरवते. पीक निघाले की तो पुन्हा मातीत. नवे पीक, नवी भेट. दोघांचे एकमेकांवाचून भागू शकते. चिचेवातल्या 'वा'ची साधारण हीच पायरी आहे.

पिकावरचा मावा सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तो झाडाचा रस पितो. त्या रसात साखर पुष्कळ, पण शरीर बांधायला लागणारी अमिनो आम्ले फार कमी. ती तूट माव्याच्या शरीरातल्या खास पेशींत राहणारा 'बुख्नेरा' नावाचा जिवाणू भरून काढतो. हे नाते पंधरा कोटी वर्षांहून जुने आहे. बुख्नेरा आईच्या पोटातच पिल्लाकडे जातो. तो बाहेर स्वतंत्रपणे वाढत नाही आणि प्रतिजैविक देऊन त्याला मारले तर माव्याची वाढ खुंटते, पिल्ले होईनाशी होतात. २००० साली त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचला गेला तेव्हा त्यात सुमारे ६ लाख ४० हजार अक्षरे निघाली. त्याचा मोकळा राहणारा नातेवाईक ई. कोलाय याच्याकडे सुमारे ४६ लाख असतात. बंद घरात राहणाऱ्याला बाहेरच्या संकटांची हत्यारे लागत नाहीत. वापर नसलेली जनुके झिजून गेली. यजमानाला हवी असलेली अमिनो आम्ले बनवण्याची जनुके मात्र टिकली.

त्याही पुढची पायरी आपल्याच पेशीत आहे. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया एके काळी स्वतंत्र जिवाणू होती, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली नव्याने आणि ठामपणे मांडला, तेव्हा अनेकांना तो पटला नव्हता. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाकडे स्वतःची १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके उरली आहेत. तिला लागणारी बाकीची बहुतेक प्रथिने पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. तिला पाहुणा म्हणणेही आता जिवावर येते. पण त्या उरल्यासुरल्या मजकुरावरूनच तिचे जिवाणूंमधले कूळ ओळखता आले. मराठी क्रियापदात पुरुषाची खूण नसणे आणि लिंगाची असणे, यावरून आपण त्याचे विशेषणाचे कूळ ओळखले, ते याच पद्धतीने.

बास्कचा प्रत्यय आणि माव्याचा बुख्नेरा यांच्यात चार गोष्टी सारख्या दिसतात. दोघांचा आकार घटला, दोघांचे बाहेरचे स्वतंत्र आयुष्य संपले, दोघे यजमानाबरोबरच पुढच्या पिढीकडे जातात आणि दोघांना वगळले तर यजमान अडतो.

उपमा कुठवर न्यायची

भाषेला सजीव मानण्याचा मोह जुना आहे. डार्विनचे पुस्तक आल्यावर चारच वर्षांनी, १८६३ साली, आउगुस्ट श्लायशर या जर्मन विद्वानाने भाषा या वाढणाऱ्या, म्हाताऱ्या होणाऱ्या आणि मरणाऱ्या सजीव वस्तू आहेत असे लिहिले. त्यातून 'ही भाषा तरुण, ती जर्जर' असली प्रमाणपत्रे वाटण्याची सवय लागली आणि तिने पुष्कळ नुकसान केले. म्हणून सांगितले पाहिजे की प्रत्ययाला जनुके नसतात. जिवाणूची जनुके झिजतात ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या उत्परिवर्तनांनी. शब्द झिजतो तो जिभेवर, वारंवार वापराने आणि ऐकणाऱ्याला आधीच अंदाज असल्यामुळे. प्रत्ययाचा नफा-तोटा प्रत्ययाला नसतो, तो बोलणाऱ्या माणसांना असतो. साम्य आहे ते वाटेच्या आकारात: सततची सोबत, त्यातून स्वातंत्र्याचा ऱ्हास आणि त्यातून अपरिहार्यता.

एवढे साम्यही एका कामाचे आहे. सोबत जशी जडते तशी ती मोडू शकते, आणि तिथे जीवशास्त्राकडून शिकण्यासारखे काही आहे.

जोडीदार बदलतो तेव्हा

सिकाडा हा झाडाच्या रसावर जगणारा आणि कर्कश आवाज करणारा कीटक. त्याच्याही शरीरात पोषण पुरवणारे जिवाणू असतात. त्यांतल्या एकाचे नाव हॉजकिनिया. जपानी संशोधकांनी २०१८ साली दाखवले की जपानमधल्या अनेक सिकाडा जातींत हा जिवाणू उरलेलाच नाही, त्याची जागा एका बुरशीने घेतली आहे. आणि ही बुरशी कोणाच्या कुळातली? सिकाडांना मारणाऱ्या परजीवी बुरशीच्या कुळातली. जी एकेकाळी रोग होती तिचीच वंशज पुढे घरची अन्नदात्री झाली. असे एकदाच नव्हे, तर वेगवेगळ्या जातींत स्वतंत्रपणे घडले.

भाषांतही असे जोडीदार बदलले आहेत. बंगालीच्या भूतकाळात आपल्यासारखाच 'ल' आहे. तोही त्याच कर्मणी विशेषणातून आला आणि सुनीतिकुमार चॅटर्जींनी १९२६च्या आपल्या ग्रंथात त्याचा मागोवा घेतला आहे. पण आज बंगाली माणूस 'आमि रुटि खेलाम', 'तुमि रुटि खेले' म्हणतो. रोटी एक असो वा दहा, क्रियापद तिच्याकडे पाहत नाही, ते फक्त खाणाऱ्याकडे पाहते. दखनी उर्दूतही तेच झाले. प्रमाण हिंदी-उर्दूत 'मैंने रोटी खाई', दखनीत 'मैं रोटी खाया'. रवींद्रनाथांची बंगाली बिघडलेली आहे असे कोणी म्हणत नाही.

आता सोलापूर, लातूर, नांदेडकडे या. हा सगळा सीमाभाग. कन्नडमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याशी जुळते: 'नानु केलस माडिदे', म्हणजे मी काम केले. यातल्या 'माडिदे'वर कामाची नाही, 'मी'ची खूण आहे. पिढ्यान्‌पिढ्या दोन-तीन भाषा एकाच तोंडी असल्या की त्यांची वाक्ये एकमेकींच्या साच्यात बसू लागतात. सांगलीजवळच्या कुपवाडचा गंपर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू वाक्यरचनेत इतकी जवळ आलेली आढळली, की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येत होते. भाषाशास्त्राच्या जगभरच्या पुस्तकांत आज कुपवाडचे नाव असते.

पण सगळे श्रेय शेजाऱ्याला देऊनही भागत नाही. मराठीच्या घरातही दार उघडे होतेच. 'मी गेलो, आलो, झोपलो' ही कर्म नसलेली क्रियापदे कर्त्याशी जुळतात. शिवाय कर्म असूनही कर्त्याशी जुळणारी काही क्रियापदे प्रमाण मराठीतच आहेत. 'मी धडा शिकलो', 'मी तुझे नाव विसरलो', 'ती चहा प्यायली', 'तो असे म्हणाला'. 'मी धडा शिकलो' हे पुण्यात शुद्ध आहे. मग 'मी अभ्यास केलो' म्हणणाऱ्याने वेगळे काय केले? प्रमाण भाषेने मोजक्या क्रियापदांना दिलेली मुभा त्याने सगळ्यांना दिली. आणि ही मुभाही तो नियमाने देतो. 'औषध मारलो', 'तूर पेरलो', 'अर्ज केलो' यांत कर्म बदलले तरी क्रियापद कर्त्यालाच धरून राहते. ज्याला नियम कळत नाही त्याचे बोलणे असे एका रेषेत चालत नाही.

डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे. गावोगावचे बोलणे त्यात ध्वनिमुद्रित झाले आणि भूतकाळी क्रियापद कोणाशी जुळते, हा त्यातला अभ्यासाचा एक विषय आहे. म्हणजे विद्वानांच्या पातळीवर 'मी केलो' ही नोंद घेण्याजोगी गोष्ट ठरली आहे. वर्गात मात्र ती अजून लाल शाईची धनी आहे.

प्रमाण भाषा शिकवू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. अर्ज, परीक्षा, बातमी यांना एक सामाईक मराठी लागते आणि तिच्यात 'मी अभ्यास केला' हेच लिहावे. सीमाभागातल्या मुलाला ते नीट यायलाच हवे, नाहीतर नोकरीच्या मुलाखतीत त्याचेच नुकसान होते. प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. 'तुझे चुकले' म्हटले की मूल गप्प बसते. त्याऐवजी फळ्याचे दोन भाग करावेत. एकीकडे 'घरी आपण असे म्हणतो', दुसरीकडे 'पुस्तकात असे लिहितात', आणि मुलांनाच विचारावे की क्रियापद इथे कोणाकडे पाहते आणि तिथे कोणाकडे. कर्तरी आणि कर्मणी यांतला फरक सोलापूर-लातूरच्या मुलांना पुण्याच्या मुलांपेक्षा लवकर कळेल, कारण त्यांच्या कानात दोन्ही प्रकार आहेत. ज्या वाक्यावर आज हसू येते, तेच वाक्य प्रयोग शिकवायला सगळ्यांत चांगले उदाहरण आहे. आमच्या भागातल्या शिक्षकांनी येत्या सत्रात एक तास हे करून पाहावे. खडू आणि फळा एवढेच साहित्य लागेल, वाक्ये मुले घरूनच घेऊन येतील.